दिंद्रुडची लेफ्टनंट

आमच्या माजलगावच्या कॉलेजला मुलींची छात्रसेना सुरू करायची परवानगी आली, तेव्हा प्राचार्यांनी आम्हा तिघी प्राध्यापिकांना केबिनमध्ये बोलावलं. एकीला सातवा महिना होता. दुसरीनं गुडघ्याचा एक्स-रे आधीच पर्समध्ये घालून आणला होता. उरले मी. भूगोल शिकवणारी, एकोणचाळीस वर्षांची, एका मुलीची आई, साडीशिवाय कॉलेजात कधीही न आलेली. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, कागदावरचंच काम आहे. आठवड्याला दोन परेड, वर्षाला एक शिबिर. बाकी काही नाही."

ते "बाकी काही नाही" मला पुढं चौदा वर्षं पुरलं.

पहिलं म्हणजे त्यासाठी मलाच तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाला ग्वाल्हेरला जावं लागलं. तिथं देशभरातून आलेल्या माझ्यासारख्याच बाया होत्या, कुणी संस्कृत शिकवणाऱ्या, कुणी गृहविज्ञान. पहिल्या आठवड्यात बुटांनी दोन्ही टाचा सोलून निघाल्या. रायफल उघडून परत जोडताना एखादा तुकडा नेहमी माझ्या हातात शिल्लक राहायचा आणि शिकवणारे सुभेदार कपाळाला हात लावायचे. पण दीड महिन्यानं एका सकाळी मी न थांबता तीन किलोमीटर पळाले. मैदानाच्या कडेला वाकून धापा टाकताना मला हसूच आवरेना. माझं माहेर कडा या गावचं. तिथल्या शाळेत मी पळण्याच्या शर्यतीत पहिली यायचे. नववीत गेल्यावर ते आपोआप सुटलं होतं. कुणी बंद कर म्हणालं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं.

तिथल्याच एका तासाला मला कळलं, की छात्रसेनेत तीन वर्षं काढून शेवटचं 'सी' प्रमाणपत्र चांगल्या श्रेणीत मिळवलं आणि हातात पदवी असली, तर सैन्यात अधिकारी होण्यासाठी लेखी परीक्षा द्यावी लागत नाही. अर्जातून निवड झाली की थेट निवड मंडळापुढं पाच दिवसांच्या मुलाखतीला बोलावतात. मुलींनाही. शिवाय अभ्यासात आणि परेडमध्ये चांगल्या असणाऱ्या कॅडेटना शिष्यवृत्तीही मिळते. हे मी वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

आमच्याकडे सैन्य म्हणजे भरती. पहाटे कुठल्याही रस्त्यानं बघा, डांबराच्या कडेनं पोरं पळत असतात. ती शिपायांच्या भरतीसाठी. पोरी पळतात त्या पोलीस भरतीसाठी. अधिकारी हा शब्द आमच्याकडे तहसीलदारापासून सुरू होतो आणि कलेक्टरपाशी संपतो. सैन्यातही अधिकारी असतात आणि तेही कुणाच्या तरी साध्या घरातून येतात, हे आमच्या पोरींच्या डोक्यातच नव्हतं. खरं सांगायचं तर ग्वाल्हेरला जाईपर्यंत माझ्याही नव्हतं.

परत आल्यावर घरी अडचण झाली ती पँटची. सासूबाईंनी माझी खाकी पँट दोरीवर वाळताना बघितली आणि तिच्यावर स्वतःचं ओलं लुगडं पसरून टाकलं. दोन दिवस पँट वाळली नाही. मी तशीच दमट पँट घालून परेडला गेले. महिनाभरानं भाजीवाली दारात आली होती, तेव्हा मी आतून ऐकलं. सासूबाई तिला सांगत होत्या, "आमच्या सुनंला सरकारनं लेफ्टन केलंय. खांद्याव दोन चांदण्या हायत." त्या दिवसापासून पँट पुढच्या अंगणात, उन्हात वाळायला लागली. माझी लेफ्टनंटी छात्रसेनेपुरतीच आहे, सैन्यातली नाही, हे मी त्यांना कधी समजावून सांगितलं नाही.

मुलींना मी गावाच्या नावानं हाक मारायचे. एकाच नावाच्या चार-चार मुली असायच्या, त्यामुळं तेच सोपं पडायचं. "तेलगाव, टाच जुळव! पात्रूड, मान वर!" मुलींनाही ते आवडायचं. एखादी गैरहजर असली की बाकीच्या म्हणायच्या, "मॅडम, आज पात्रूडला ताप आलाय."

सहाव्या वर्षी दिंद्रुड आली.

नोंदणीच्या दिवशी मी प्रत्येकीला विचारायचे, छात्रसेनेत का यायचंय? सगळ्या जणी घरून पाठ करून आल्यासारख्या "देशसेवेसाठी" म्हणायच्या आणि मी पुढच्या नावाकडं वळायचे. ही मुलगी बुटकी नव्हती, उंचही नव्हती. अंगानं चांगली भरलेली, दोन वेण्या, पायात रबरी चप्पल. तिनं जरा विचार केला आणि म्हणाली, "मॅडम, परेड झाल्यावर नाष्टा मिळतो म्हणं."

मागं रांगेत हशा पिकला. मीही हसले. "मिळतो. दोन केळी आणि एक उकडलेलं अंडं."

"मग ल्हिवा मपलं नाव."

नंतर कळलं, ती सहाच्या आत घर सोडायची. दिंद्रुडहून तेलगावपर्यंत एक गाडी, तेलगावच्या चौकात उतरून माजलगावची दुसरी. आई कापूस वेचायला किंवा खुरपायला जायची, तिची भाकरी होईपर्यंत पहिली गाडी निघून गेलेली असायची. वडिलांचं गावात रस्त्यालगत छोटं दुकान होतं. विहिरीवरच्या मोटारी जळाल्या की त्यांच्यात नवी तार भरून द्यायचे. रिवायंडिंगचं काम. हंगामात दुकानापुढं मोटारींची रांग लागायची, आणि ही पोरगी लहानपणापासून तिथंच अभ्यास करायची, गिऱ्हाइकांच्या आरडाओरड्यात.

म्हणूनच असेल, तिचा आवाज विलक्षण होता. महिनाभरानं मी प्रत्येकीला एकदा पुढं येऊन हुकूम द्यायला लावला. बाकीच्या पोरी चिमणीसारख्या चिवचिवल्या. हिनं "दाहिने मुड" म्हटलं आणि चाळीस मुली एका झटक्यात वळल्या. दुसऱ्या मजल्यावरून प्राचार्यांनी खिडकी उघडून खाली बघितलं. ती स्वतःही चकित होऊन तशीच उभी राहिली. पुढचा हुकूम द्यायचा असतो, हेही विसरली.

दुसऱ्या वर्षी तिला कॅडेटची शिष्यवृत्ती मिळाली. यादीत आमच्या कॉलेजचं नाव पहिल्यांदाच आलं होतं. तिनं त्यातून पळायचे बूट घेतले आणि एक जाडजूड इंग्रजी-मराठी शब्दकोश. बूट कळले. शब्दकोश कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाली, "तुमीच म्हणाल्या व्हत्या, सी पास झालं की आफिसर व्हता येतंय. आफिसर इंग्रजी बोलतेत."

मी ते वर्गात सहज बोलले होते. पाच वर्षं प्रत्येक तुकडीला सांगत आले होते आणि पोरी मान डोलवून केळी सोलायला लागायच्या. पहिल्यांदाच कुणीतरी ते ऐकलं होतं.

त्या रविवारी मी तिच्या घरी गेले. वडील दुकानातच होते, मांडीवर मोटारीचा गाभा घेऊन तांब्याची तार भरत बसलेले. मी सगळं समजावून सांगितलं. ते ऐकत राहिले, हात चालूच. शेवटी म्हणाले, "म्हंजी पोलीस भरतीच ना?"

"नाही दादा. सैन्यातली अधिकारी. शिपाई तिला सलाम करतील."

त्यांचा हात थांबला. "आमच्या पोरीला?" त्यांनी आत बघून बायकोला हाक मारली, "आगं, हे बघ म्याडम काय म्हणायल्यात!"

आईनं फक्त एवढंच विचारलं, "तितं पोरींना राह्यला येगळं असतंय का?" असतं म्हटल्यावर ती चहा ठेवायला गेली. त्या घरात एवढ्यावरच निर्णय झाला. मी सोबत मनातल्या मनात केवढे युक्तिवाद घेऊन गेले होते, त्यातला एकही लागला नाही.

तिसऱ्या वर्षी तिनं 'सी' परीक्षा वरच्या श्रेणीत काढली, बी.ए. झाली आणि अर्ज भरला. मुलाखतीचं बोलावणं भोपाळचं आलं. मी तिला शक्य तेवढं तयार केलं. निवड मंडळ काय विचारतं याची पुस्तकं संभाजीनगरहून मागवली. "का यायचंय सैन्यात" याचं उत्तर मी स्वतः इंग्रजीत लिहून दिलं आणि तिच्याकडून घोकून घेतलं. उत्तर फार सुंदर होतं. मला त्याचा अभिमान होता.

ती पहिल्याच दिवशी परत निघाली.

पहिल्या दिवशी चाळणी असते. एक धूसर चित्र दाखवतात, त्यावर गोष्ट लिहायची, मग पंधरा जणींच्या गटात ती गोष्ट सांगायची आणि सगळ्यांनी बोलून एक समाईक गोष्ट ठरवायची. संध्याकाळी स्टेशनवरून तिचा फोन आला. "मॅडम, त्या पंधरा जनी एकदमच बोलायल्या हो. फाडफाड इंग्रजी. मपलं तोंडच उघडलं न्हाई." चाळीस मुलींना एका हुकुमात वळवणारी पोरगी. इंग्रजीत तिचा आवाज घशातच राहिला होता.

मग आम्ही एक उपाय केला. भूगोलाच्या प्रयोगशाळेत मी दहा-बारा मुलांना गोळा करायचे आणि त्यांना सांगायचे, हिच्याभोवती बसून मोठ्यानं भांडा. त्या गोंगाटात हिनं इंग्रजीत गोष्ट सांगायची. मुलांना हा तास इतका आवडला की बोलावलं नसतानाही यायची. पण घरच्या मुलांचा गोंगाट तो. तिचा संकोच जाईना. शेवटी तिनंच जागा शोधली, तेलगावचा चौक. बी.ए. झाल्यावरही ती सरावासाठी रोज कॉलेजला यायची, आणि तिथं गाडी बदलताना अर्धा-पाऊण तास जायचाच. जीपवाले सिरसाळा-परळी, धारूर, वडवणी ओरडत असतात, फळवाले असतात, कारखान्याला जाणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरवरची गाणी. तिथं मैत्रिणीला समोर उभं करून ही इंग्रजीत गोष्ट सांगायला लागली. मी एकदा बघायला गेले होते. एक जीपवाला तिच्याजवळ येऊन म्हणाला, "ए बाई, कावून वरडायलीस? कुनी मारलं का?"

ती न थांबता इंग्रजीत वाक्य पूर्ण करून त्याच्याकडं वळली. "अभ्यास करायले, मामा. तुमी वरडा की, मला त्याचाच उपेग हाय."

आठवडाभरात जीपवाल्यांना ती माहीत झाली. एखाद्या दिवशी ती गप्प बसलेली दिसली की तेच विचारायचे, आज गोष्ट न्हाई का?

दुसऱ्या वेळी चाळणी पार झाली. पाचही दिवस राहिली. मैदानावरच्या कामांत तर ती पुढंच होती. तिथं गटाला एक लाकडी बल्ली, एक फळी आणि दोर देतात आणि जमिनीला पाय न लावता अडथळे ओलांडायला सांगतात. हिनं वडिलांबरोबर विहिरींतून मोटारी वर ओढल्या होत्या. कुठली गाठ ओझं धरते आणि कुठली सरकते, हे तिला शिकवावं लागत नव्हतं. पण पाचव्या दिवशी निवडलेल्यांचे नंबर वाचले, त्यात तिचा नव्हता.

ती परत आली तेव्हा मी तिला मुलाखतीतलं अक्षरन् अक्षर विचारलं. मुलाखत घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी विचारलं होतं, छात्रसेनेत का आलीस? तिनं माझं सुंदर उत्तर दिलं. त्यांनी तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला. तिनं माझ्या उत्तराचा दुसरा परिच्छेद दिला. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. तिनं तिसरा परिच्छेद दिला. मग त्यांनी हसून तिला पाणी विचारलं आणि विषय बदलला.

ऐकता ऐकता मला कळलं. त्या खुर्चीत ती बसलीच नव्हती. मी बसले होते.

दुसऱ्या दिवशी मी दिंद्रुडला गेले. दुकानात तिचे वडील होते, ती होती, दाराशी आई गहू निवडत होती. मी त्यांना सगळ्यांसमोर सांगितलं, की हिची निवड झाली नाही यात माझी चूक आहे. मी माझं उत्तर तिच्या तोंडात घातलं. अठरा वर्षं शिकवतेय, पोरींनी माझ्या नोट्स परीक्षेत जशाच्या तशा लिहाव्यात अशी मला सवय झालीय.

ती म्हणाली, "मॅडम, तुमची काय चूक? तुमी चांगलंच ल्हिलं व्हतं."

तिच्या वडिलांनी हातातली तार खाली ठेवली. मग म्हणाले, "म्याडम, आता तिचं तिला बोलू द्या. काय व्हईल ते व्हईल. पण तिचं व्हईल."

त्या माणसाची शाळा सातवीत सुटली होती. त्यांच्या त्या वाक्यानंतर मी माझी शिकवण्याची पद्धतच बदलली. आजही वर्गात नोट्स देत नाही. काही मुलं नाराज असतात, असू देत.

तिसऱ्या वेळी बोलावणं बंगळूरचं होतं. परळीला ती गाडीत बसली तेव्हा मी निरोप द्यायला गेले होते. तिच्या हातात पुस्तक नव्हतं. मीही काही सूचना दिल्या नाहीत. आईनं धपाटे बांधून दिले होते, तेवढेच.

तिथल्या मुलाखतीचं तिनं मला नंतर इतक्यांदा सांगितलं आहे, की मी तिथं हजर असल्यासारखं मला ते दिसतं. अधिकारी वेगळे होते, प्रश्न तोच. छात्रसेनेत का आलीस?

ती म्हणाली, "नाष्ट्यासाठी, सर."

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. "काय असायचं नाष्ट्याला?"

"दोन केळी आणि एक अंडं, सर. मी सहाला घर सोडायचे. दुपारपर्यंत दुसरं काही मिळत नव्हतं."

"म्हणजे तीन वर्षं नाष्ट्यासाठी काढलीस?"

"नाही सर. पहिला महिना नाष्ट्यासाठी. मग मॅडमनी एक दिवस मला हुकूम द्यायला लावला. मी 'दाहिने मुड' म्हटलं आणि चाळीस मुली वळल्या. तोपर्यंत माझ्या सांगण्यावरून आमच्या घरातली शेळीसुद्धा वळली नव्हती. त्या दिवशी मी ठरवलं, की आता इथंच राहायचं. पण मला हेही कळलं, सर, की त्या चाळीस जणी वळल्या आणि पुढचा हुकूम मला आठवेना. त्या माझ्याकडं बघत उभ्या होत्या. म्हणजे नुसता आवाज पुरत नाही. पुढं काय, हे माहीत पाहिजे. ते शिकायला मी आले."

अर्धं इंग्रजी, अर्धं हिंदी. व्याकरण जिथं तुटेल तिथं तुटू दिलं, असं ती म्हणते.

पाचव्या दिवशी नंबर वाचले. तिच्या गटातून दोघी निवडल्या गेल्या. त्यातली एक ती.

तिचा फोन आला तेव्हा मी बी.ए. दुसऱ्या वर्षाला मोसमी वारे शिकवत होते. मी वर्गात फोन घेत नाही. त्या दिवशी घेतला. "मॅडम, झालं," एवढंच ती म्हणाली आणि पलीकडून नुसतं रडणं ऐकू यायला लागलं. मी फोन तसाच धरून वर्गाला सांगितलं, "दिंद्रुडची निवड झाली." मागच्या बाकांवर प्रयोगशाळेत गोंगाट करणाऱ्यांपैकी दोन मुलं होती. त्यांनी बाकं इतकी बडवली की शेजारच्या वर्गातले सर धावत आले.

पण एवढ्यावर संपत नाही, हे मला माहीत होतं. वैद्यकीय तपासणीत तिचं वजन जास्त भरलं आणि तात्पुरतं अपात्र असा शेरा पडला. पुन्हा तपासणीसाठी काही आठवड्यांची मुदत होती. आई बिचारी गोंधळली. आयुष्यभर पोरीला दोन घास जास्त घालायची धडपड केली, आणि आता सरकार म्हणतंय कमी घाल. पण तिनं ते मनावर घेतलं. सकाळी पोरीला उठवून दिंद्रुडपासून पळायला लावायची आणि स्वतः मागं सायकलवर. बाईला सायकल नीट येत नव्हती, ती त्या निमित्तानं शिकली. सहा आठवड्यांनी वजन बसलं.

मग गुणवत्ता यादी. मुलींच्या जागा फार थोड्या असतात. निवड झालेल्या सगळ्यांना जागा मिळतेच असं नाही. यादी लागली त्या दिवशी आमच्या कॉलेजच्या ऑफिसात संगणकाभोवती क्लार्क, शिपाई, ग्रंथपाल, सगळे जमले होते. क्लार्कनं खालून वाचायला सुरुवात केली. मी म्हटलं, "वरून वाचा हो." ते म्हणाले, "मॅडम, खालूनच लवकर सापडंल." आणि खरंच, खालून दुसरं तिचं नाव होतं. आत होती, एवढं पुरे होतं. प्राचार्य नवे होते, तिला त्यांनी कधी बघितलंही नव्हतं, पण तेही डोळे पुसत होते.

चेन्नईतलं तिचं प्रशिक्षण जवळजवळ वर्षभराचं. अधूनमधून फोन यायचा, दोन मिनिटांचा. पाय दुखतायत, झोप पुरत नाही, काल पाठीवर ओझं घेऊन पळवलं. सोडून येते, असं एकदाही म्हणाली नाही. एकदा मात्र म्हणाली, "मॅडम, इथं कर्नलच्या पोरी हायत, ब्रिगेडियरच्या पोरी हायत. पहिल्या दिवशी समद्यांनी आपापल्या बापाचं सांगितलं. मी म्हणाले, मपले वडील मोटारी भरतेत. एकीला वाटलं, गाड्यांची कंपनी हाय." आणि खळखळून हसली. त्या हसण्यानं माझी काळजी मिटली.

दीक्षांत संचलनाला आम्ही तिघं गेलो. तिचे आई-वडील आणि मी. वडिलांनी नवीन पांढरा शर्ट-पायजमा शिवला होता, डोक्यावर टोपी. आईनं हिरवी साडी, आणि चपला चावत होत्या म्हणून हातात सॉक्स घेऊन बसली होती, घालू की नको ठरवत. बँड सुरू झाला आणि तुकड्या मैदानात आल्या. सगळ्या एकसारख्या दिसत होत्या, आम्हाला आमची सापडेना. मग वडिलांनी बोट दाखवलं. "ती बघा. तिसऱ्या वळीत. डावा खांदा हालका खाली हाय. तसं चालती ती."

संचलन संपल्यावर आई-वडिलांनी मुलांच्या खांद्यावर तारे लावायचे असतात. वडिलांची बोटं केसासारख्या तांब्याच्या तारा रोज भरणारी. पण त्या दिवशी खांद्यावरचा तारा काही बसेना. पोरगी ताठ उभी होती, समोर नजर. ओठ न हलवता पुटपुटली, "आबा, दमानं. मी कुठं जात न्हाई." आईनं आपल्या बाजूचा तारा एका दमात बसवला आणि नवऱ्याचा हात धरून दुसऱ्या बाजूचाही बसवून दिला. लेकीनं दोघांना कडक सलाम ठोकला. वडिलांना काय करावं कळेना. त्यांनी आधी हात जोडले, मग टोपी काढली, मग पुन्हा घातली आणि तोंड फिरवून उभे राहिले.

मग ती माझ्याकडं आली. मी साडीत होते. तिनं सलाम केला. साडीत असताना सलाम करायचा नसतो हे मला पक्कं माहीत आहे, मीच पोरींना शिकवते. तरी माझा हात वर गेला.

यंदाच्या उन्हाळ्याआधी ती सुट्टीवर आली. गावानं उघड्या जीपमधून मिरवणूक ठरवली होती, डीजे सांगितला होता, बॅनरसाठी फोटो मागितला होता. तिनं सगळ्यांना हात जोडून नाही म्हटलं. "मी अजून काही केलं न्हाई. केल्यावर काडा मिरवणूक." सरपंच जरा रुसले. पण मला मात्र तिनं फोन करून विचारलं, "मॅडम, शनिवारी परेड हाय का? मी येऊ?"

ती साध्या ट्रॅकसूटमध्ये आली, बसनं. मैदानात पन्नासेक मुली उभ्या होत्या. मला वाटलं, दोन शब्द बोलेल, फोटो निघतील. तिनं आधी मैदानाला एक चक्कर मारली आणि मला पोरींदेखत म्हणाली, "मॅडम, ह्या कोपऱ्यात लई खडे हायत. पाय मुरगळंल कुनाचा तरी." मी शिपायाला बोलावून खडे उचलायला सांगितलं. मला त्याचा राग आला नाही. उलट कुणीतरी मला बरोबर जागी चूक दाखवली, याचं बरं वाटलं.

मग ती पोरींसमोर उभी राहिली. त्या तिच्याकडं टकामका बघत होत्या. मागच्या रांगेतली एक, धारूरकडची, धीर करून म्हणाली, "ताई, तुमाला तितं भ्या वाटलं न्हाई का?"

"वाटलं की. लई वाटलं. तीनदा गेलते मी, तिन्ही बारीला वाटलं. आन् अजून वाटतंय. मपल्या हाताखालचे काही जवान मपल्या बापाच्या वयाचे. परवा त्यास्नी पहिला हुकूम द्यायचा व्हता, तर रातभर झोपले न्हाई."

"मग?"

"मग दिला. दुसरा काय द्यायचा, ते आधीच पाठ करून गेलते."

पोरी हसल्या. मी मैदानाच्या कडेला शिट्टी हातात घेऊन उभी होते. माझ्या निवृत्तीला आता थोडीच वर्षं राहिली आहेत, आणि नोकरीत मी काय कमावलं असं कुणी विचारलं तर मी फार विचार करणार नाही. त्या सकाळी ऊन चढायला लागलं होतं. तिनं घड्याळ बघितलं, पोरींना तीन रांगांत लावलं आणि म्हणाली, "चला, गप्पा बास. मैदानाला पाच फेऱ्या. मी पुढं पळते, मला गाठेल तिनं मला नावानं हाक मारायची."

धारूर पहिल्या फेरीतच तिच्या मागं लागली होती.